चांगली चालणारी नस बंद का करायची?

पत्र

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यातले. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो, वय ७२. तंबाखूच्या वखारीत पस्तीस वर्षं काम केलं. रोज विडीचं एक बंडल लागायचं, आता चार-पाच विड्यांवर आलोय म्हणतात. वर्षभर तक्रार होती की रात्री उताणं झोपलं की बेंबीपाशी धडधडतंय. बेंबी सरकली म्हणून आईनं गावातल्या एका बाईकडून दोनदा चोळून बसवून घेतली. मग लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली, त्यात पोटातल्या मोठ्या नसेला फुगा निघाला. सीटी अँजिओत तो ५.८ सेंटिमीटर आला. उजव्या पायाकडं जाणारी नसही ३.६ सेंटिमीटर फुगलीय.

बेळगावचे डॉक्टर म्हणाले, पोट न फाडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवू, पण त्याआधी कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) घालून दोन नसा बंद कराव्या लागतील. एक उजव्या बाजूची ओटीपोटातली आणि दुसरी आतड्याकडं जाणारी. कोल्हापुरात दुसऱ्या डॉक्टरांना सीडी दाखवली. ते म्हणाले, पहिली बंद करा, दुसरीची गरज नाही. आमचे दाजी मेडिकल दुकानात आहेत. ते म्हणतात, "चांगली चालणारी नस कोण बंद करतंय व्हय? बिल वाढवायचं काम आहे हे." आप्पांना आम्ही एवढंच सांगितलंय की पोटात गाठ आहे, बारीक ऑपरेशन आहे. त्यांचं एकच चाललंय, ऊसतोड सुरू झाली की रानात जाता आलं पाहिजे. थोरले चुलते पंधरा वर्षांपूर्वी पाठीत कळ येऊन तासाभरात गेले, त्यामुळं आईनं अंथरूण धरलंय. आम्ही काय करावं?

— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर

दाजींपासूनच सुरुवात करतो. त्यांचा प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र त्यांनी घाईनं काढलंय.

आधी माझी मर्यादा सांगतो. मी फिजिशियन. रक्तवाहिन्यांचा सर्जन नव्हे आणि आप्पांची सीडीही मी पाहिलेली नाही. त्यामुळं कॉइलबद्दल 'करा' किंवा 'करू नका' असा निकाल मी देणार नाही. पण दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतायत ते उलगडून सांगता येईल. पत्र वाचताना मला वाटलं की तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत पडलेत आणि भांडण त्या पिशवीवरून चाललंय.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली उतरणारा मोठा पाट. बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात आणि एकेक पायाकडं जातो. पोटातली ही धमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ च्या वर गेली की तिला फुगा म्हणायचं, आणि पुरुषांत ५.५ च्या वर गेली की फुटण्याची भीती ऑपरेशनच्या भीतीपेक्षा मोठी होते. आप्पा ५.८ वर आहेत. म्हणजे ऑपरेशन करायचं का, हा प्रश्न आता उरलेला नाही, आणि ते तुमचे दोन्ही डॉक्टर एकमुखानं सांगतायत. हे लक्षात ठेवा, कारण वाद कॉइलचा आहे आणि त्यात फुग्याचे दिवस जातायत.

स्टेंट ग्राफ्ट म्हणजे तारेच्या जाळीवर कापड चढवलेली नळी. १९९० साली अर्जेंटिनात हुआन परोदी या सर्जननं ती पहिल्यांदा जांघेतून वर नेऊन पोटातल्या फुग्याच्या आत बसवली. त्याआधी पोट उघडून, धमनीला चिमटा लावून, फुगलेला भाग बदलावा लागायचा. आजही काहींना तसंच करावं लागतं आणि ते ऑपरेशन वाईट नाही. जांघेतून करण्याचा फायदा पहिल्या महिन्यात दिसतो. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत पोट उघडलेल्यांपैकी ३० दिवसांत शंभरात जवळजवळ पाच दगावले, जांघेतून केलेल्यांत दोनाहून कमी. पण त्याच रुग्णांवर पंधरा वर्षं नजर ठेवली तेव्हा हा फायदा पुढं टिकला नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आत राहिलेला फुगा. नळी बसवली तरी फुगा काढलेला नसतो. तो नळीच्या बाहेर, रिकामा झाला असं धरून, तसाच राहतो.

खरोखर रिकामा झाला का, यावरच सगळं आहे.

तुम्ही शेतकरी माणसं, त्यामुळं पाटावरूनच सांगतो. पाटाचा भराव एका जागी फुगून कमजोर झाला, म्हणून आतून पाईप टाकला. आता पाणी पाईपातून जातंय, भरावावर दाब नाही. पण त्या फुगलेल्या जागेत पूर्वीपासून चार-सहा चाऱ्यांची तोंडं होती, आणि त्या चाऱ्या पुढं शेजाऱ्याच्या विहिरीच्या चाऱ्यांना जोडलेल्या आहेत. आपल्या बाजूनं पाणी बंद झालं तरी शेजाऱ्याची मोटर चालू झाली की तेच पाणी उलटं फिरून पाईप आणि भराव यांच्यामधल्या पोकळीत येतं आणि भरावाला आतून ढुसण्या देत राहतं. शरीरात याला टाइप टू एंडोलीक, म्हणजे दुसऱ्या प्रकारची गळती, म्हणतात. चाऱ्या म्हणजे आतड्याच्या खालच्या भागाला रक्त देणारी धमनी, जिला डॉक्टर आयएमए म्हणतात, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंच्या बारीक लंबार धमन्या. आधी जाऊन अशा चारीचं तोंड बुजवायचं, यालाच प्रतिबंधक एम्बोलायझेशन म्हणतात.

आता पिशवीतले दोन प्रश्न वेगळे करू.

उजव्या बाजूची ओटीपोटातली नस म्हणजे इंटर्नल इलियाक. इथं दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे आणि त्याला कारण आहे. ग्राफ्टच्या पायाला टेकायला धड भिंत लागते. पायाकडं जाणारी आप्पांची उजवी नस ३.६ सेंटिमीटर फुगलीय. पुढं तिलाही फाटा फुटतो: एक शाखा ओटीपोटात जाते, तीच इंटर्नल इलियाक, आणि दुसरी मांडीकडं. हा फुगवटा जर फाट्यापर्यंत गेला असेल तर तिथं पाय टेकणार कुठं? म्हणून ग्राफ्ट फाट्याच्या पलीकडं, मांडीकडं जाणाऱ्या शाखेत नेऊन टेकवावा लागतो. तसं केलं की इंटर्नल इलियाकचं तोंड ग्राफ्टखाली झाकलं जातं. समोरून झाकलं तरी डाव्या बाजूच्या जोडांमधून तिच्यात रक्त येतच राहतं आणि ते उलटं फुग्यात शिरतं. म्हणून झाकण्याआधी ती आतून बुजवायची. ही गोष्ट ऑपरेशनचा पायाच समजा. दाजींना सांगा, बिल वाढवण्याचा संशय इथं लागू होत नाही.

मात्र बेळगावच्या डॉक्टरांना एक विचारा: ही नस चालू ठेवणारा फाट्याचा ग्राफ्ट आप्पांना बसेल का? त्याला इलियाक ब्रँच डिव्हाइस म्हणतात. त्याची एक शाखा त्या नसेत जाते, त्यामुळं ती बंद करावी लागत नाही. प्रत्येकाच्या नसेची ठेवण त्याला जुळत नाही आणि ते महागही पडतं. "आप्पांना बसत नाही" असं उत्तर आलं तर कारण विचारा. "बसतं, पण खर्च वाढेल" असं आलं तर तो निर्णय घरात बसून घ्यायचा आहे, डॉक्टरच्या टेबलावर नाही.

ही नस बुजवल्याची किंमत आप्पांना मोजावी लागेल, आणि ती तुम्ही त्यांच्यापासून लपवताय. इंटर्नल इलियाक ढुंगणाच्या स्नायूंना आणि जननेंद्रियांना रक्त देते. एका बाजूची बंद केली की साधारण तिघा-चौघांमागे एकाला चालताना त्या बाजूच्या ढुंगणात कळ येते. थांबलं की जाते, चाललं की परत येते. बऱ्याच जणांची काही महिन्यांत कमी होते, कारण आजूबाजूच्या नसा मोठ्या होतात. काही पुरुषांचं ताठ होणं कमी होतं. आतड्याचं रक्त कमी पडणं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर. म्हणून आणखी एक प्रश्न लिहून घ्या: "डावी इंटर्नल इलियाक चालू राहणार ना?" दोन्ही एकाच वेळी बंद करणं ही फार वेगळी गोष्ट आहे आणि शक्यतो ती टाळतात.

दुसरी नस म्हणजे आयएमए. मतभेद इथंच आहेत आणि ते प्रामाणिक मतभेद आहेत.

बंद करायच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की ती मोठी असेल, तोंडाशी ३ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून रुंद, लंबार धमन्याही दोन-तीन जाड असतील आणि फुग्यात आधीचा थर, म्हणजे गोठलेलं रक्त, फारसं नसेल, तर गळती होण्याची शक्यता वाढते. २०२० साली जपानी डॉक्टरांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. जोखमीचे म्हणून निवडलेले शंभराहून थोडे जास्त रुग्ण होते. आयएमए न बुजवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना टाइप टू गळती दिसली, बुजवलेल्यांपैकी सुमारे चौथ्या भागाला. बुजवलेल्यांचे फुगेही जास्त आकसले. हा फरक लहान नाही.

विरुद्ध बाजूही तितकीच खरी. टाइप टू गळती पुष्कळ रुग्णांत दिसते, पण पहिल्या सहा महिन्यांत त्यातल्या बऱ्याच आपोआप बंद होतात. फक्त टाइप टूमुळं फुगा फुटण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून युरोपच्या रक्तवाहिनी सर्जनांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शनात सरसकट सगळ्यांच्या नसा आधीच बुजवू नका असं म्हटलं. जपानी चाचणीतले रुग्ण मुळात निवडलेले होते, आणि त्या आकड्यावरून कुणाचा जीव वाचला की नाही हे ठरवता येत नाही, एवढी ती चाचणी मोठी नव्हती. शिवाय बुजवायला वेगळा वेळ लागतो, डाय (नसा पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) जास्त जातो, एक्स-रे जास्त घ्यावे लागतात, पैसेही लागतात.

म्हणजे बेळगावचे डॉक्टर आप्पांची आयएमए जाड आहे म्हणून म्हणत असतील. कोल्हापूरचे म्हणत असतील की मी फुग्यावर लक्ष ठेवीन, गळती राहिली आणि फुगा वाढू लागला तरच हात घालीन. दोन्ही मार्ग धरणारी शहाणी माणसं आहेत. कोण बरोबर हे मला विचारू नका. बेळगावला हे विचारा: आयएमए किती मिलिमीटर आहे? लंबार धमन्या किती चालू आहेत आणि केवढ्या? फुग्यात आत थर आहे का? आप्पा रक्त पातळ करणारी वॉरफेरीनसारखी गोळी घेतात का? उत्तरात आकडे आले तर निर्णय आप्पांच्या नसेवर घेतलाय. "आम्ही सगळ्यांचीच करतो" असं आलं तर तिसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हरकत नाही.

आयएमएबद्दल आणखी एक. मोठ्या आतड्याचा डावा भाग तिच्यावर असतो, पण वरून सुपीरिअर मेसेंटेरिक नावाची मोठी धमनी मदतीला असते आणि खालून इंटर्नल इलियाक. म्हणून निरोगी माणसात आयएमए मुळाशी बंद केली तर आतडं सहसा तगतं. पण आप्पांची खालून मदत करणारी उजवी नस तुम्ही आधीच बंद करताय. मग वरची धमनी सीटीत साफ आहे का, तोंडाशी अरुंद झालेली नाही ना? यापूर्वी आतड्याचं काही ऑपरेशन झालंय का? दोन्ही नसा बुजवायच्या असतील तर हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. हे मी जरा जोरात सांगतोय, कारण एक-एक नस वेगळी पाहिली की दोन्ही ठीक वाटतात, एकत्र पाहिल्यावर विचार बदलू शकतो. दोघांपैकी एकानं तरी एकत्र विचार केलाय का, तेवढं समजून घ्या.

नस बुजवतात कशी, याची तुम्हाला भीती दिसतेय, म्हणून पाहिलेलं सांगतो. माझ्या एका पेशंटच्या वेळी काचेपलीकडं उभा होतो. पेशंट जागा होता, जांघेत बधिर करायचं इंजेक्शन, त्यातून शाईच्या रिफिलीएवढी नळी, तिच्यातून आणखी बारीक नळी. डाय सोडला की पडद्यावर नसेचं झाड काळ्या शाईत उमटायचं आणि दोन-तीन सेकंदांत विरायचं. मग कॉइल आत ढकलली. प्लॅटिनमची शिवणदोऱ्यासारखी तार, बारीक धाग्यांची लव असलेली. नळीत सरळ असते, तोंडाबाहेर आली की स्वतःच वेटोळं घालते, आपल्याकडं दोरीचं भेंडोळं टाकतात तसं. दुसरी, तिसरी. चौथ्यानंतर डाय सोडला, तर शाई मुळाशी येऊन थांबली, पुढं झाड उमटलंच नाही. पेशंटनं एवढंच विचारलं, "झालं काय हो?" कॉइल मुळाशी, मुख्य खोडात ठेवायची. खोलवर शाखांपर्यंत गेली तर जोडणाऱ्या नसा बंद होतात आणि ढुंगणाची कळ किंवा आतड्याचा त्रास वाढतो. इंटर्नल इलियाक कधी ग्राफ्टच्या आठ-पंधरा दिवस आधी करतात, कधी त्याच दिवशी. वेगळ्या दिवशी केली तर दोनदा डाय जातो, त्यामुळं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघून घ्या, पाणी किती प्यायचं ते विचारा. आप्पा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर ते सांगायला विसरू नका.

पैशाकडं येतो, पटकन. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत आहे. त्यासाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, ते आधी घ्या, नंतर पळापळ नको. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं जाहीर केलं. तुमचं गाव यादीत आहे का आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात हे चालतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्या. दोन्हीकडं एकच प्रश्न: स्टेंट ग्राफ्टची किंमत पॅकेजमध्ये आहे का, कॉइल वेगळ्या धरल्यात का? कागदावर लिहून मागा. दाजींना या कामाला लावा. मेडिकल दुकानातला माणूस बिलाचा कागद वाचण्यात तुमच्यापेक्षा तरबेज असणार.

दाजी विचारत नाहीत, पण मला विचारावंसं वाटतं की आप्पांना "गाठ" का सांगितली? गाठ म्हटलं की आपल्याकडं माणूस कॅन्सरच समजतो. रात्री छतावर डोळे लावून ते काय विचार करत असतील? उद्या ऑपरेशननंतर ढुंगणात कळ आली, किंवा नवराबायकोच्या खोलीत काही बदललं, तर त्यांना वाटेल डॉक्टरनं घोटाळा केला किंवा गाठ वाढली. ७२ वर्षांच्या माणसाला "आता तुम्हाला काय करायचंय त्याचं" असं गृहीत धरायचा मुलांना अधिकार नाही. हे बोलणं मुलाला अवघड जातं, मला कळतं. तुमच्याऐवजी डॉक्टरांना एकट्यात बोलायला सांगा, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आणि मराठीत बोलायला सांगा. आपल्याकडच्या दवाखान्यांत कन्सेंटचा कागद कन्नड आणि इंग्रजीत असतो, आप्पांना दोन्ही वाचता येत नसेल. बेळगावात मराठी बोलणारी सिस्टर किंवा ज्युनिअर डॉक्टर सापडतातच. "पूर्ण वाचून, अर्थ सांगून मग अंगठा किंवा सही" असा आग्रह धरलात तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर रागावू दे.

बेंबी चोळायचं आता कायमचं बंद. ज्या बाईनं चोळलं तिची चूक मी धरत नाही. बेंबीखालची ठोके मारणारी नाडी हाताला लागणं, हेच त्या विद्येचं निदान असतं, आणि आप्पांची नाडी खरंच जोरात लागत होती. फक्त तिचं कारण वेगळं होतं. तसं पाहिलं तर तिनं जे ओळखलं त्याचं नाव तेवढं चुकलं.

चुलत्यांचं नेमकं काय झालं हे आज सांगता येणार नाही. पण पाठीत कळ येऊन तासाभरात गेले, हे वाचून मला माझाच एक दिवस आठवला. नुकती प्रॅक्टिस सुरू केलेली. साठीतला एक विडी ओढणारा गडी कंबर धरून आला, घामानं डबडबलेला. मूतखडा समजून इंजेक्शन दिलं आणि पोटाला हात लावायचा राहिला. संध्याकाळी घरी बातमी आली. निपाणीच्या मातीत तंबाखू पिकतो, त्याच्या भावासाठी १९८१ साली इथं मोठं आंदोलन झालं, कितीतरी घरं त्याच्यावर उभी राहिली. पण या फुग्याचं सर्वांत मोठं कारणही धूरच आहे. तुमच्या वडिलांना तो आहेच, चुलत्यांनाही तोच असण्याची शक्यता धरा. आप्पांच्या भावंडांची आता एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या. तुमची पन्नाशीनंतर. एका साध्या तपासणीत हे कळतं.

ऑपरेशनच्या तारखेपर्यंत अचानक पोटात किंवा पाठीत जोराची कळ, घाम, डोळ्यांपुढं अंधारी असं काही झालं तर निपाणीत वाट बघू नका. १०८ लावा आणि जिथं सर्जन आहे त्या दवाखान्याला आधी फोन करून निघा, "महाधमनीचा ५.८ चा फुगा आहे" हे पहिलं वाक्य. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.

ग्राफ्ट बसवल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती तपासणीला न जाण्याची. आयएमए बुजवली म्हणून दुसऱ्या चाऱ्यांतून पाणी येत नाही असं नाही. साधारण महिनाभरानं एक सीटी, वर्षानं एक, पुढं सोनोग्राफीवर भागवतात. अथणीकडचे माझे एक पेशंट तीन वर्षं गेलेच नाहीत. काही दुखतच नव्हतं! आले तेव्हा फुगा सव्वा सेंटिमीटरनं वाढलेला होता, आणि पाठीतून सुई घालून तो भरावा लागला. तुम्ही एक वही करा, फुग्याचा आकडा आणि तारीख एवढंच लिहा. सीडी जपून ठेवा. नुसत्या फिल्मवर नसा नीट मोजता येत नाहीत.

आता आप्पांचा ऊस. जांघेच्या जखमा भरल्या, डॉक्टरांनी परवानगी दिली की ते रानात जातील. मोळी उचलायची नाही, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चढायचं नाही, आणि विडी बांधावरसुद्धा नाही. चालताना उजव्या ढुंगणात कळ आली तर जिथं असतील तिथं थांबायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, गेली की पुढं निघायचं. किती पावलांवर येते ते मोजायला सांगा आणि ते आकडेही त्याच वहीत लिहा. पावलं वाढत गेली तर बाजूच्या नसा कामाला लागल्या असं समजा. कमी होत गेली, किंवा डाव्या बाजूच्या पोटात दुखून शौचातून रक्त आलं, तर तोडीची टोळी सोडून सरळ दवाखाना.